लोंबणारं पोट: आधी ती खरंच कातडी आहे का ते बघा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: वय ३६, दोन बाळंतपणं, दोन वर्षांत ९८ किलोंवरून ६२ वर आलात, आता पोटाची झालर आणि दंड लोंबतात. वर्षभर थांबलं तर आपोआप आवळेल का, आणि म्हापशातल्या क्लिनिकने सांगितलेलं मशीनच्या आठ सिटिंगचं पॅकेज घ्यावं का?

पैसे एवढ्यात भरू नका. मशीनच वाईट असं नाही, पण तुमच्या पोटावर नेमकं काय लोंबतंय ते अजून कुणी हात लावून बघितलेलं दिसत नाही. वजन उतरल्यावर उरणाऱ्या पोटात तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात: राहिलेली चरबी, फाकलेले स्नायू आणि खरोखरची जास्तीची कातडी. तिघांचे उपाय वेगळे. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की पैसे पाण्यात.

घरीच अंदाज घेता येतो. आरशासमोर उभ्या राहा आणि बेंबीखालची वळी अंगठा-बोटांच्या चिमटीत धरा. जाड, भरीव काही हाताला लागलं तर ती चरबी, अजून उतरण्यासारखी आहे. पातळ, सुरकुतलेली, दुपदरी लागली तर ती कातडी. मग उताण्या झोपा, गुडघे वाकवा आणि फक्त डोकं-खांदे थोडे उचला. मध्यरेषेवर उभा उंचवटा आला किंवा बोटं आत जातील अशी फट लागली, तर गरोदरपणात बाजूला झालेले स्नायू अजून जवळ आलेले नाहीत. बाळंतपणांनंतर हे खूप जणींना असतं आणि सडपातळ बाईचंही पोट त्याने पुढे दिसतं. चांगली फिजिओथेरपिस्ट गाठली तर व्यायामाने यात फरक पडतो. युट्यूबवर बघून सिट-अप्स मारत बसू नका, मोठी फट असेल तर उंचवटा आणखी वाढतो. खोकताना एकाच जागी गोळा येत असेल तर हर्निया असू शकतो, तो थेट सर्जनला दाखवा.

आता आपोआप आवळण्याचं. कातडीला परत जागेवर आणणारं इलास्टिन आपल्या शरीरात मुख्यतः लहानपणी आणि वाढीच्या वयात बनतं. मोठेपणी ते तुटलं की तसंच नवं जवळजवळ येत नाही. वर्षानुवर्षं ताणलेल्या कातडीत ते आणि कोलाजेनचे धागे दोन्ही मोडलेले असतात. उशीतला कापूस काढला म्हणून अभ्रा काही स्वतःहून लहान होत नाही. वजन स्थिर झाल्यावर वर्ष-दीड वर्ष थोडं थोडं आवळत जातं हे खरं, आणि वय कमी, वजन थोडं उतरलेलं, सिगरेट नाही, उन्हात फारसं करपणं नाही, अशांचं जास्त आवळतं. तुमचे ३६ किलो उतरलेत. दंड, चेहरा, मांड्या थोड्या सुधारतील, पण पोटाची घडी स्वतःवरच मुडपत असेल तर ती तशीच राहणार असं धरून चाला.

तेल, क्रीम, कोलाजेनची पावडर यांवर फार लिहीत नाही. खोबरेल चोळल्याने कातडी मऊ राहते, बस्स. पावडर पोटात पचते तेव्हा ती बाकी प्रोटीनसारखं प्रोटीनच होते, ती काही पत्ता शोधत बेंबीखाली जात नाही. मशीनचं म्हणाल तर रेडिओफ्रीक्वेन्सी किंवा अल्ट्रासाउंडवाल्या मशीनने किंचित ढिली कातडी थोडी घट्ट होते. लोंबणारी झालर मात्र त्याने आवळत नाही. 'चरबी गोठवणारं' मशीन असेल तर ते चरबीवर चालतं, कातडीवर नाही. आतली चरबी गेली की पोकळ झालर उलट जास्त लोंबेल. नुसत्या लायपोसक्शनचंही, म्हणजे नळीने चरबी ओढून काढण्याचंही, तेच. क्लिनिकला एकच विचारा: माझ्याएवढी घडी असलेल्या पेशंटचे आधीचे-नंतरचे फोटो दाखवा.

स्नायू वाढवणं मात्र सगळ्यांनाच फायद्याचं. खांदे, दंड, मांड्या, पुठ्ठे भरले की वरची कातडी थोडी तरी टेकते. दंडांवर हे सगळ्यात लवकर दिसतं. आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचला आणि खाण्यात प्रोटीन बघा, रोज वजनाच्या किलोमागे साधारण सव्वा ते दीड ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. आपल्याकडे गोव्यात ताटात नुस्तं, म्हणजे मासळी, असते म्हणून आपण निर्धास्त असतो, पण प्रत्यक्षात ताटभर शीत (भात), वाटीभर हुमण (माशांची आमटी) आणि त्यात एक बांगडा. बांगड्याच्या शंभर ग्रॅम मांसात वीसेक ग्रॅम प्रोटीन, म्हणजे एका जेवणापुरतं झालं. श्रावणात आणि सोमवारी खरी पंचाईत होते, तेव्हा अळसांदे (चवळीसारखं कडधान्य), मूग, दही, पनीर मुद्दाम वाढवावं लागतं. सध्या भूक मारणाऱ्या औषधाच्या सुया घेऊन वजन उतरवणाऱ्यांनी तर हे दुप्पट लक्षात ठेवावं, भूकच मेलेली असते आणि चरबीबरोबर स्नायूही जातात.

तुम्ही विचारलं नाहीत तरी घडीच्या आतल्या भागाबद्दल सांगते, कारण आपल्या हवेत रोजचा त्रास तिथेच असतो. जून ते सप्टेंबर गोव्यात काहीच धड वाळत नाही, टॉवेल नाही, परकर नाही, आणि ती घडी तर नाहीच. आत लाल होतं, चुरचुरतं, मग आंबट वास, मग बुरशी. माझं ऑपरेशन व्हायच्या आधी मी आंघोळ झाली की खाटेवर आडवी पडून एका हाताने घडी वर धरायची आणि जुन्या पातळाच्या मऊ तुकड्याने टिपायची. घासायची नाही, टिपायची. मग पंख्याखाली तशीच पाच मिनिटं, किंवा हेअर ड्रायर थंड हवेवर. त्यानंतर वाळलेल्या सुती कापडाची पट्टी घडीत ठेवायची आणि ओली झाली की बदलायची. आतले कपडे दमट वाटले तर इस्त्री फिरवूनच घालायचे. घडीत तेल अजिबात नको, आणि सुगंधी पावडर थापली तर घामाने तिचे गोळे होतात. बुरशीवर क्लोट्रिमाझोल चालतं, पण मेडिकलमधून 'सगळ्यावर चालतं' म्हणून मिळणारी मिश्र मलमं घेऊ नका. त्यांत स्टिरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते, मग गजकर्ण दुप्पट पसरतं आणि कातडी आणखी पातळ होते.

पुरळ पुन्हा पुन्हा येत असेल तर साखर तपासा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त आपल्या गोव्यातच निघालं होतं, २६.४ टक्के. पुढे ऑपरेशन करायचं झालं तर जखम भरायलाही साखर ताब्यात हवीच.

ऑपरेशन. जास्तीची कातडी खऱ्या अर्थाने घालवतं ते एवढंच. त्यात दोन प्रकार. एकात फक्त लोंबणारी झालर कापतात. दुसऱ्यात, ज्याला टमी टक म्हणतात, कातडी काढून फाकलेले स्नायूही टाके घालून जवळ आणतात आणि बेंबी नव्या जागी बाहेर काढतात. छेद ओटीपोटावर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत, आणि खूप वजन उतरलेलं असेल तर कधी कधी मधोमध उभाही. मी दुसरा प्रकार करून घेतला. पहिले काही दिवस पाठ सरळ होत नाही, वाकूनच चालायचं. पोटातून दोन नळ्या निघालेल्या, टोकाला प्लास्टिकचे बल्ब, ते मी परकराच्या नाडीला सेफ्टी पिनने अडकवायची. गुलाबी पाणी मोजून वहीत लिहायचं काम सासूबाईंनी आपणहून घेतलं आणि डॉक्टरांनाही त्या वहीतले आकडे ठसक्यात वाचून दाखवले. पट्टा दीड महिना, जड उचलणं तेवढंच बंद. बेंबीखालचा भाग कित्येक महिने बधिर असतो. वण आधी लालभडक, फिका पडायला वर्षाच्या वर. पण जातो असं नाही, जन्माचा असतो. वण नको असेल तर ऑपरेशन नको, इतकं साधं आहे ते.

धोके खरे आहेत: आत पाणी साठणं, जंतुसंसर्ग, टाके उसवणं, पायात रक्ताची गुठळी. म्हणून सर्जन निवडताना प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का ते बघा. 'कॉस्मेटिक' ही पाटी कुणीही लावतो. खाजगीत खर्च लाखांत जातो. गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात, प्लास्टिक सर्जरी विभाग आहे, तेव्हा निदान मत घ्यायला तरी एकदा बांबोळीला जाऊन या. वजन किमान सहा महिने एका जागी टिकलेलं हवं, बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन उतरवायची पोटाची शस्त्रक्रिया, झाली असेल तर त्यानंतर साधारण वर्ष-दीड वर्ष. आणखी मूल हवं असेल तर आधी ते. घरातही सिगरेटचा धूर नको. हिमोग्लोबिन, बी१२, प्रोटीन तपासून घ्या.

दंडांचं ऑपरेशन मी केलं नाही. काखेपासून कोपरापर्यंत वण येतो, आणि तो ब्लाउजच्या बाहीखाली लपत नाही. मला लोंबणारे दंड परवडले. तुमचं गणित वेगळं असू शकतं.

विम्याबद्दल: आपल्याकडच्या पॉलिसींत कॉस्मेटिक सर्जरी वगळलेली असते, अपवाद अपघात, भाजणं, कॅन्सर किंवा वैद्यकीय गरज. ती गरज दाखवायची तर कागद हवेत. म्हणून या पावसाळ्यात घडीत पुरळ उठलं की तारखेसकट फोटो काढा, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, आणि दर वेळचं प्रिस्क्रिप्शन फाइलला लावा. हमी नाही, पण कागद नसतील तर क्लेमचा विषयच निघत नाही.