बिलं मशीन वाचतंय, मग अकाउंट्समध्ये नवख्याने काय शिकावं?

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये भराभर बिलं चढवता येणं, एवढ्यावर आता नोकरी टिकणार नाही. फोटोवरून बिल वाचणारी सॉफ्टवेअर ते काम करतात, करू द्या. तुम्ही त्यांच्या चुका पकडायला शिका.

सुरुवात जीएसटी क्रमांकापासून. एकूण 15 जागा: पहिले 2 आकडे राज्याचे (महाराष्ट्र 27), पुढच्या 10 पॅनच्या, शेवटची तपासणीची. पॅनमध्ये 5 अक्षरं, 4 आकडे, 1 अक्षर. पुसट बिलावर मशीन 'ओ'चं शून्य आणि 'बी'चा आठ करतं. ही रचना पाठ असली की चूक लगेच खटकते.

त्याहून फसवी चूक कराच्या खात्याची. विक्रेता महाराष्ट्रातला आणि पुरवठ्याचं ठिकाणही महाराष्ट्र, तर 18 टक्के कराचे 9 सीजीएसटी (केंद्राचा वाटा), 9 एसजीएसटी (राज्याचा वाटा). ठिकाण परराज्यातलं असेल तर पूर्ण कर आयजीएसटी (आंतरराज्य कर) म्हणून. खातं चुकलं तरी बिलाची एकूण रक्कम जुळतेच, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

दर महिन्याच्या 14 तारखेला जीएसटीआर-2बी, म्हणजे विक्रेत्यांनी दाखवलेल्या तुमच्या खरेदी बिलांचा जीएसटी पोर्टलवरचा तक्ता, तयार होतो. तो खरेदीच्या नोंदींशी एक्सेलमध्ये जुळवा, पण आधी बिल क्रमांकातल्या तिरप्या रेघा, डॅश आणि सुरुवातीची शून्यं काढा. नाहीतर असलेली बिलंही गायब दिसतात. 2बीत नसलेल्या बिलाचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) मिळत नाही, त्यामुळे विक्रेत्याला त्याच दिवशी फोन करा.

आणि ग्राहकाची बिलं फुकटच्या चॅटबॉटवर परवानगीशिवाय कधीही टाकू नका.