पुस्तक नंतर घे, आधी दुखणं सांग

मागच्या अंकात मी सहजच लिहून गेले की ऑफिसात जबाबदारीच्या जागेवर पोचलेल्या बायकांनी काय वाचावं हे कुणाला विचारायचं असेल तर विचारा, आणि मग एवढे मेल आले की संपादकांचा फोन, ताई आता तुम्हीच निस्तरा. पाच घेतलेत. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते की सव्वीस वर्षं प्रोजेक्टची कामं केली, आधी कारखान्यात, मग सॉफ्टवेअरमध्ये, आता घरी असते आणि ज्यासाठी तेव्हा वेळ नव्हता ते वाचते.

प्रश्न: ताई, मी नागपूरच्या मिहानमध्ये एका आयटी कंपनीत आहे, वय २९. चार महिन्यांपूर्वी टीम लीड झाले. अकरा जणांची टीम, त्यात तिघं माझ्यापेक्षा सिनियर. पण लीड होऊनही मीटिंगचे मिनिट्स मीच लिहिते, वाढदिवसाचा केक मीच मागवते, नवीन पोट्टा जॉइन झाला की त्याला सगळं समजावून द्यायला मीच. अप्रेझलमध्ये याचा एक शब्द नाही. लीडरशिपची तीन पुस्तकं मागवली, तिन्हींत आत्मविश्वास वाढवा एवढंच. काय वाचू? (मनीषनगर)

उत्तर: अगं, तुझ्यात आत्मविश्वास कमी आहे असं मला तरी तुझ्या पत्रात कुठे दिसलं नाही. तुझं दुखणं वेगळंच आहे, आणि त्या दुखण्यावर एक अख्खं पुस्तक आहे, 'द नो क्लब', २०२२ चं. लिंडा बॅबकॉक आणि तिच्या तीन सहकारी प्राध्यापिकांनी लिहिलंय. २०१० मध्ये पिट्सबर्गमधल्या पाच जणी 'नाही म्हणता येत नाही' या एकाच तक्रारीवर भेटायला लागल्या, त्यातून हे निघालं. जी कामं कुणीतरी करावीच लागतात पण जी करून कुणाची बढती होत नाही त्यांना त्या नॉन-प्रमोटेबल टास्क म्हणतात. मिनिट्स, केक, नवीन पोट्टा, सगळं त्यातच आलं.

त्यातला प्रयोग मला फार आवडतो. तीन-तीन अनोळखी लोकांचे गट करायचे, स्क्रीनवर एक बटण, दोन मिनिटांत कुणीतरी एकाने दाबायचं. कुणीच नाही दाबलं तर सगळ्यांना एक डॉलर, दाबलं तर दाबणाऱ्याला सव्वा आणि बाकीच्या दोघांना दोन-दोन. म्हणजे दाबणारा थोडा तोट्यातच. पुरुष-बायका मिसळलेल्या गटांत बायकांनी हे बटण पुरुषांच्या जवळपास दीडपट वेळा दाबलं. आता कुणी म्हणेल बायकांचा स्वभावच तसा, तर थांबा, नुसत्या पुरुषांच्या गटात पुरुष मुकाट्याने तेवढंच दाबतात जेवढं नुसत्या बायकांच्या गटात बायका. म्हणजे समोर बाई असली की सगळे गृहीत धरतात ती दाबेल, आणि तीही धरते. दुसऱ्या एका प्रयोगात, हे काम कुणाला सांगायचं ते ठरवायला एकाला मॅनेजर केलं, तर मॅनेजर पुरुष असो की बाई, दोघांनीही बाईलाच जास्त सांगितलं. हे वाचून मी पुस्तक पालथं ठेवलं आणि मी किती पोरींना मिनिट्स लिहायला लावले ते आठवत बसले.

माझंच सांगते. एका क्लायंट मीटिंगला ऑफिसबॉयने चहाचा ट्रे आणून बरोब्बर माझ्यापुढे ठेवला. नऊ माणसं, आठ पुरुष आणि मी, आणि मी उठून वाटायला लागले, कुणाला बिनसाखरेचा, कुणाला अर्धाच, आणि सहाव्या कपापर्यंत पोचले तोवर माझ्या प्लॅनची तारीख शेजारच्याने सांगून टाकली होती, तीही तीन आठवडे अलीकडची. ती तारीख मग मी पाच महिने निस्तरली.

तुझी एक गोष्ट मात्र चांगली आहे, तू लीड आहेस, रोस्टर तुझ्याच हातात आहे. मिनिट्सची पाळी लाव, नावाच्या अक्षराप्रमाणे, त्या तीन सिनियरसकट. पहिल्या आठवड्यात कुणीतरी गमतीत म्हणेल 'मॅडम तुम्हीच छान लिहिता'. हसायचं आणि वही त्याच्याकडे सरकवायची.

'लीन इन' (२०१३) तुझ्या त्या तीन पुस्तकांत असणारच. वाईट नाही, पण ते ज्या घरातून लिहिलंय तिथे स्वयंपाकाची बाई सुट्टीवर गेली तर काय होतं हा प्रश्न फारसा पडत नाही. त्याची लेखिका शेरिल सँडबर्ग, तिचा नवरा २०१५ मध्ये गेला, त्यानंतर तिने स्वतःच जाहीरपणे लिहिलं की एकटीने मुलं वाढवणाऱ्या बाईचं किती कठीण असतं ते मला पुस्तक लिहिताना पुरतं कळलं नव्हतं. हे कबूल केलं म्हणून मला ती पुस्तकापेक्षा जास्त आवडली. 'हाऊ वीमेन राइज' (२०१८) मध्ये बारा सवयी दिल्यात, त्यातली 'चांगलं काम केलं की लोकांना आपोआप दिसेल असं समजणं' एवढी एक वाच, बाकी चाळलंस तरी चालेल.

प्रश्न: मी सिव्हिल इंजिनियर, ३४, बुटीबोरीच्या एका साइटवर प्रोजेक्ट सांभाळते. साहेब विचारतात किती दिवस, मी सांगते, आणि ते कधीच जमत नाही. मग ठेकेदार साहेबांसमोरच म्हणतो, मॅडमला साइटचा अंदाज नाही. बायकांच्या लीडरशिपचं काही वाचावं का? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर: नको. आत्ता तर अजिबात नको. तुम्हाला तारखेचं पुस्तक हवंय. तारीख पक्की झाली की ठेकेदाराचं तोंड आपोआप बंद होतं, त्याला लीडरशिपची गरज पडत नाही.

बेंट फ्लिव्हबर्ग आणि डॅन गार्डनर यांचं 'हाऊ बिग थिंग्ज गेट डन' (२०२३) घ्या. फ्लिव्हबर्गने सोळा हजारांवर प्रोजेक्टची माहिती गोळा केली, त्यातले ठरल्या पैशात आणि ठरल्या वेळेत झाले फक्त ८.५ टक्के. आणि पैसा, वेळ, वर ज्यासाठी केला तो फायदाही मिळाला असे अर्धा टक्का. दोनशेत एक हो! सिडनीचं ऑपेरा हाऊस ७० लाख डॉलरमध्ये होणार होतं, लागले १० कोटी २० लाख, आणि दहा वर्षं उशीर. आपल्याला एवढं लांब जायची गरजच नाही म्हणा, गोसीखुर्दचं धरण आहे की, मूळ अंदाज ३७२ कोटींचा, भूमिपूजन १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हातून, आणि सुधारित अंदाज गेला अठरा हजार कोटींच्या वर. तेव्हा अंदाज चुकला म्हणून तुम्ही एकट्याच वेड्या नाही.

फ्लिव्हबर्गचं म्हणणं सोपं आहे. आपण अंदाज काढतो तो आपल्या प्लॅनमधल्या पायऱ्या मोजून, सेंट्रिंगला, म्हणजे स्लॅबचा साचा उभारायला, इतके, सळईला इतके, स्लॅब एक दिवस. तसं करायचं नाही. आधी बघायचं की असलंच काम याआधी जिथे जिथे झालं तिथे प्रत्यक्षात किती दिवस लागले, आणि तिथून सुरुवात करायची. तुमच्या साइट ऑफिसमध्ये जुनी रजिस्टरं पडलेली असतील, धूळ झटका, मागच्या सात-आठ स्लॅबचे सेंट्रिंग सुरू झाल्यापासून ते काढेपर्यंतचे दिवस एका कागदावर लिहा. त्यात पाऊस असेल, दिवाळीला गावी गेलेले मजूर असतील, मे महिन्यात दुपारी बंद ठेवलेलं काम असेल, रेतीची गाडी अडकलेली असेल. तुमच्या प्लॅनमध्ये यातलं काहीच नव्हतं, म्हणून तो चुकत होता. पुढच्या वेळी साहेबांनी विचारलं की तोंडाने सांगायचं नाही, तो कागद ठेवायचा. ठेकेदाराला मग तुमच्याशी नाही, त्याच्याच जुन्या तारखांशी भांडावं लागेल.

मी हे फार उशिरा शिकले. मला साहेबांनी लिफ्टमध्ये विचारलं होतं, किती दिवस लागतील, आणि तिसरा मजला यायच्या आत मी म्हणाले पंधरा. का पंधरा? छान वाटतो ऐकायला म्हणून. लागले अडुसष्ट.

त्याच्या जोडीला एलियाहू गोल्डरॅटचं 'द गोल', १९८४ चं. कादंबरी आहे, कारखान्याच्या मॅनेजरची, झोपताना वाचता येते. त्यात पोरांची सहल रांगेने जंगलातून चालली असते आणि एक जाड पोरगा सारखा मागे पडतो, मग मॅनेजर त्याला सगळ्यात पुढे आणतो आणि त्याच्या पाठीवरचं सामान बाकीच्यांत वाटून देतो, तेव्हा कुठे सगळी रांग नीट चालते. तुमच्या साइटवरचा तो पोरगा कोण ते शोधा, बहुतेक सळई बांधणारी गँग असेल.

प्रश्न: पीएमपीची, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या सर्टिफिकेटची, परीक्षा देतेय. पीएमबॉक गाइड पाठ करावं का? (हिंगणा रोड)

उत्तर: नाही बाप्पा. परीक्षा त्या पुस्तकावर नसते, परीक्षा घेणारी संस्था पीएमआय जो एक्झाम कंटेंट आउटलाइन, म्हणजे परीक्षेचा आराखडा, काढते त्यावर असते, तो आधी त्यांच्या साइटवरून उतरवून घ्या, फुकट आहे. पीएमबॉक बदलतही राहतं, २०१७ ची सहावी आवृत्ती ४९ प्रोसेसची होती, २०२१ च्या सातवीने ते सगळं बाजूला ठेवून बारा तत्त्वं आणली, त्यामुळे कुणाच्या तरी जुन्या झेरॉक्सवरून अभ्यास करू नका. अर्ज भरायला पस्तीस तासांचं ट्रेनिंग लागतं ते कुठून करताय तेही बघून घ्या. सर्टिफिकेटने सीव्ही पुढे सरकतो, साइटवरचा मुकादम ऐकतोच असं नाही.

प्रश्न: तुम्ही सगळी इंग्रजी पुस्तकं सांगाल म्हणून आधीच लिहिते. मी ४६ वर्षांची, नर्स आहे, एका दवाखान्यात तीन वॉर्डांची इन्चार्ज सिस्टर. इंग्रजी वाचते पण मजा येत नाही. मराठीत काही आहे की नाही? (महाल)

उत्तर: तुमचा टोमणा पोचला. आणि खरं सांगू, हाताखालची माणसं कशी सांभाळावी यावर मी वाचलेलं सगळ्यात चांगलं पुस्तक मराठीच आहे, गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो'. १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे त्याला. कायदा शिकलेली शहरी बाई, १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांमध्ये जाते, जिथे जमीनदाराच्या वेठीला माणसं जन्मभर जुंपलेली, आणि तिला सुरुवातीला कळतच नाही की ही माणसं बोलत का नाहीत. ती नुसतं भाषण करून परत येत नाही, त्यांच्या झोपडीत राहते, त्यांचं खाते, आणि वाट बघते. तुमच्या वॉर्डातल्या नवीन मुली राउंडला डॉक्टरांसमोर गप्प उभ्या राहतात ना, त्या का गप्प असतात ते या पुस्तकात बघा.

दुसरं आपल्या विदर्भाचंच, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना', १८८२. सुरतेच्या एका विधवेला कोर्टाने शिक्षा दिली आणि पेपरवाले एकजात बायकांवर तुटून पडले, तेव्हा ही बाई जी भडकली ती अख्खं पुस्तक होईपर्यंत थांबली नाही. मग ते पार विस्मरणात गेलं, १९७५ मध्ये स. गं. मालशांनी परत छापलं. मॅनेजमेंट वगैरे काही नाही त्यात, पण खमकी मराठी कशी असते ते कळतं आणि कडक मेल लिहायच्या आधी दोन पानं वाचली तर हात मोकळा होतो.

आणि कमलाताई होस्पेटांबद्दल जे मिळेल ते वाचा, तुम्ही नर्स आहात म्हणून तर नक्कीच. तरुणपणी विधवा झाल्या, नर्सिंग शिकल्या, आणि १९२१ मध्ये नागपुरात मातृसेवा संघ काढला, वेणूताई नेने सोबतीला. १९६१ मध्ये पद्मश्री. महालातून झाशी राणी चौक काही लांब नाही, तिथे विदर्भ साहित्य संघात चौकशी करा, मात्र रविवारी जाऊ नका, मी एकदा उन्हात जाऊन आलेय.

प्रश्न: माझी बायको प्लांट मॅनेजर झाली. वाढदिवसाला पुस्तक द्यायचंय, लीडरशिपचं. कोणतं देऊ? (धरमपेठ)

उत्तर: भाऊ, अभिनंदन तिचं. इंद्रा नूयींचं 'माय लाइफ इन फुल' (२०२१) द्या, पण देण्याआधी स्वतः वाचा. त्यात एक प्रसंग आहे. पेप्सिको कंपनीची प्रेसिडेंट होणार ही बातमी घेऊन नूयी रात्री घरी येतात, आणि आई लगेच सांगते, बातमी राहू दे, आधी दूध घेऊन ये. नवरा घरी आलेला, त्याची गाडी उभी. मग त्याला का नाही सांगितलं? तर तो दमलाय. त्या मुकाट्याने जाऊन दूध आणतात, रागाने ओट्यावर आदळतात, आणि वर आईचंच ऐकून घेतात की तुझा मुकुट गॅरेजमध्ये ठेवून घरात येत जा.

लोक हा प्रसंग नम्रतेचा म्हणून सांगतात. मला दर वेळी तो दमलेला नवराच दिसतो. तुमच्यासाठी म्हणून क्लॉडिया गोल्डिनचं 'करिअर अँड फॅमिली' पण घ्या, तेही २०२१ चंच, बाईंना २०२३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ज्या नोकऱ्या रात्री-अपरात्री हजर राहणाऱ्याला भरमसाट जास्त पैसे देतात त्यांना त्या हावरट नोकऱ्या म्हणतात, आणि घरात पोरं असली की दोघांपैकी एकालाच तशी करता येते, दुसरा घरच्या हाकेला हजर. प्लांट मॅनेजरचा फोन रात्री दोनलाही वाजतो, तेव्हा हाकेला आता कोण ते तुम्ही दोघांनी बोलून घ्या.

वाढदिवस कधी ते लिहिलंच नाही तुम्ही. आणि दूध कोण आणतं तेही पुढच्या पत्रात कळवा.