“मग पप्पांनी मारलं”

“मॅडम, लेकरू ऐकंनाच झालंय बघा. मारलं तरी फरक नाही, समजावलं तरी नाही.” लातूरमधल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतं. आई कधी औशाची, कधी अहमदपूरची, कधी शहरातलीच. मूल पाच-सहा वर्षांचं. कुणी धाकटीला ढकललेलं असतं, कुणी मोबाइल पाण्यात टाकलेला असतो. शेवटी सगळ्यांचं म्हणणं एकच: “आपण केल्यानं काय होतं, हे त्याला कळतच नाही.” म्हणून एका घराची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच, ओळख बदलून. मुलाला ओम म्हणू.

ओम सहा वर्षांचा. वडील आडतीवर मुनीम, आई घरी शिलाई करते, सोबत आजी आणि दीड वर्षाची बहीण चिमी. त्या उन्हाळ्यात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं. अंगणात २०० लिटरचं टिपाड, त्याला खाली तोटी. ओमने तोटी सोडून कागदी होड्या पळवल्या आणि तोटी तशीच ठेवून खेळायला गेला. टिपाड रिकामं झालं. वडिलांनी चांगलंच बडवलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. पण या वेळी विचारल्यावर ओम म्हणाला, “चिमीनं केलं.” चिमीच्या हातानं ती तोटी फिरतही नव्हती. वडिलांना पाण्यापेक्षा हे खोटं जास्त लागलं.

पहिल्या दोन भेटींत ओम माझ्याशी बोललाच नाही. तिसऱ्या भेटीत मी बादली, गलास आणि होडी पुढे ठेवली. खेळता खेळता विचारलं, “तोटी सोडली. मग काय झालं?”

“मग पप्पांनी मारलं.”

“आणि चिमीला ढकललंस तेव्हा?”

“मग पप्पांनी मारलं.”

“वही फाडलीस तेव्हा?”

“मम्मीनं पप्पांना सांगितलं. मग पप्पांनी मारलं.”

इतकी वर्षं हे काम करतेय, पण त्या दुपारी मला जे दिसलं ते इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं. ओमला परिणाम कळत नव्हता असं नाही. तो त्याला तोंडपाठ होता. फक्त सगळ्याच गोष्टींचा परिणाम एकच होता, पप्पांचा हात. पाणी, चिमीचं रडणं, फाटलेलं पान, सगळं त्या हाताखाली झाकून गेलं होतं. मग हात टाळायचा एवढंच शिकायचं उरतं आणि खोटं बोलणं हा त्यावरचा त्याने शोधलेला उपाय होता. अडचण सोडवायची अक्कल त्याच्याकडे होती, आपण अडचणच चुकीची दिली होती.

मी उलट्या बाजूने गेले. “पप्पांनी मारायच्या आधी काय झालं होतं?”

तो बराच वेळ गप्प. “पाणी संपलं.”

“मग?”

“आजी घागर घेऊन बोअरवर गेली.”

“मग?”

“आजीचा गुडघा दुखतो,” असं म्हणून त्याने होडी खाली ठेवली.

‘बघ, तुझ्यामुळे’ हे शब्द माझ्याही ओठावर आले होते. मी ते गिळले. अशा वेळी मोठ्यांनी गप्प राहणं हेच माझ्या मते सगळ्यात अवघड आणि सगळ्यात उपयोगाचं काम. थोड्या वेळाने त्यानेच विचारलं, “आजी आज पण गेली का?”

मी म्हटलं, “मग आता काय काय करता येईल?”

“आजीला रिक्षानं पाठवायचं.”

“हा एक झाला. आणखी?”

“तोटी दोरीनं बांधायची.”

“आणखी?”

“माझं टिपाड वेगळं करायचं. छोटं.”

मर्ना शूर या अमेरिकन मानसतज्ज्ञांनी फिलाडेल्फियात चार वर्षांच्या मुलांसोबत हेच काम केलं. उत्तर सांगायचं नाही, ‘आधी’, ‘नंतर’, ‘आणखी एक’ अशा शब्दांशी खेळत मुलाला स्वतः विचार करायला लावायचं. पहिलं उत्तर बहुधा न जमणारंच असतं. तिथे हसलात किंवा “असं कुठं असतं का” म्हणालात, की तिसरं उत्तर येतच नाही.

वडिलांशी बोलणं जास्त कठीण गेलं. “आम्हीपण मार खाऊनच मोठे झालो, मॅडम.”

“काय शिकलात त्यातून?”

ते थांबले. “वडील आले की गप बसायला.”

आणि मग त्यांनी २०१६ च्या उन्हाळ्याचा विषय काढला. मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं तो. रात्र रात्र टँकरची वाट बघितलेली. वाहती तोटी दिसली की त्यांना ते सगळं दिसायचं. ओम तेव्हा जन्मलाही नव्हता. त्याने न पाहिलेल्या दुष्काळाची शिक्षा त्याला मिळत होती.

माझा कल ऑस्ट्रियन मानसतज्ज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांच्याकडे आहे, हे लपवत नाही. त्यांच्या परंपरेतले रुडॉल्फ ड्रायकर्स शिक्षा आणि परिणाम यांत फरक करायचे. परिणामाचा त्या कृतीशी संबंध हवा, तो आधी सांगितलेला हवा आणि त्यात अपमान नको. तोटी सोडली म्हणून टीव्ही बंद, ही शिक्षाच. खेळायचं पाणी संपलं म्हणून आजचा खेळ संपला, हा परिणाम. मात्र चूल, रस्ता, विहीर, मोटारीचा स्टार्टर इथे मुलाला अनुभवातून शिकू देत बसायचं नाही. आधी हात धरायचा. आणि प्यायचं पाणी कधीच तोडायचं नाही.

ओमला रोज एक तांब्या खेळायचं पाणी ठरलं, त्याच्या स्वतःच्या डब्यात. तिसऱ्या दिवशी सकाळीच ते संपवून त्याने आकांत मांडला. आई अर्धा तांब्या घेऊन निघालीच होती, आजीने तिला थांबवलं. उपदेश नाही, रागावणं नाही. “उद्या परत मिळतंय बाळा,” एवढंच. पाचव्या दिवशी त्याने थोडं पाणी संध्याकाळसाठी झाकून ठेवलं.

महिन्याभराने आई एकटीच आली. आदल्या रात्री ओमकडून भरलेली कळशी लवंडली होती. वडील उठले, सवयीने हात वर गेला. ओम मागे सरकला, पण पळाला नाही. “पप्पा, माझ्याकडून सांडलं. थांबा, फडकं आणतो,” म्हणाला.

“नीट पुसलं नाही, मॅडम. निम्मं पाणी तसंच होतं,” आई सांगत होती. “पण मी परत पुसलं नाही. ह्यांनीच त्याच्याशेजारी बसून दुसरं फडकं धरलं.”