गावरान कोंबडी १२-१५ अंडी घातली की खुडूक बसते. हे रक्तातच असतं का? चांगला कोंबडा आणून फरक पडेल का?

भाऊ, हे रक्तातलंच आहे. कोंबड्यानं फरकही पडतो, पण त्याआधी आपल्याकडची एक सवय बदलावी लागेल. गावात जी कोंबडी खुडूक बसते तिच्याखाली तिचीच अंडी ठेवतात. जी न बसता घालतच राहते, तिची अंडी आठवडी बाजारात किंवा कढईत जातात. म्हणजे पुढची पिल्लं निघतात ती खुडूक होणाऱ्या आयांचीच. पिढ्यान्‌पिढ्या आपण नकळत खुडूकपणाचीच निवड करत आलोय. व्हाइट लेगहॉर्न या भरपूर अंडी देणाऱ्या विदेशी जातीत नेमकं उलट झालं: अंडी यंत्रात उबवायला लागल्यावर बसणाऱ्या कोंबड्या वंशातून बाद होत गेल्या.

आत काय घडतं ते असं. घरट्यातल्या अंड्यांचा पोटाच्या उघड्या कातडीला सतत स्पर्श होतो. त्यामुळे मेंदूतून व्हीआयपी नावाचा संदेश निघतो आणि मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी प्रोलॅक्टिन हे संप्रेरक सोडते. प्रोलॅक्टिन वाढलं की अंडी घालायला लावणारं एलएच हे संप्रेरक घटतं, अंडाशयातले पिवळे बलक आटतात आणि अंडी बंद होतात. प्रोलॅक्टिनचं जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर आहे. ते किती चालावं हे ठरवणाऱ्या भागात लेगहॉर्नमध्ये बहुधा डीएनएच्या २४ अक्षरांचा एक जादा तुकडा सापडतो; बऱ्याच अभ्यासांत त्याचा संबंध कमी खुडूकपणाशी लागलाय. पण हा एका जनुकाचा खेळ नाही, अनेक जनुकं थोडाथोडा वाटा उचलतात. अंड्यांच्या संख्येतला जेमतेम १० ते ३० टक्के फरक वंशातून येतो, बाकी खाणं, उजेड, ऊन आणि रोगराई.

आता कोंबडा. पक्ष्यांमध्ये मादीकडे झेड आणि डब्ल्यू अशी गुणसूत्रं असतात. तलंगेला, म्हणजे तरुण कोंबडीला, तिचं एकुलतं झेड बापाकडूनच मिळतं, आणि प्रोलॅक्टिन ओळखणारं जनुक याच झेडवर आहे. शिवाय आठ-दहा कोंबड्यांमागे एकच कोंबडा असतो, म्हणजे सगळ्या पिल्लांचा अर्धा वारसा त्याचा. म्हणून तुरा आणि वजन बघून कोंबडा ठेवू नका, त्याची आई किती घालायची ते विचारा.

कोंबड्यांच्या पायात वेगवेगळ्या रंगांची कडी घाला. सकाळी चाचपून ज्यांच्या पोटात अंडं लागेल त्यांना वेगवेगळ्या डालग्याखाली ठेवा, म्हणजे अंडं कुणाचं ते कळेल. तीन-चार महिने वहीत लिहा: एकूण अंडी, सलग किती दिवस घातली, किती दिवस खुडूक राहिली. एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, त्यामुळे रोज वेळ पुढे सरकते आणि मध्ये एक दिवस खाडा पडतो. ज्या कोंबडीचा खाडा उशिरा येतो ती चांगली. अशा दोन-तीन निवडा आणि त्यांची अंडी दुसऱ्या खुडूक कोंबडीखाली ठेवा, एकीखाली १० ते १२. त्यातलाच नर पुढे कोंबडा म्हणून ठेवता येईल, पण आपल्या कळपात नको; दुसऱ्या गावच्या, अशीच नोंद ठेवणाऱ्या माणसाशी अदलाबदल करा, नाहीतर नात्यातच जोडी लागते.

इथं बहुतेकांचं एक चुकतं. कोंबडा बदलला तरी जुन्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे जिवंत राहतं. जुना काढल्यावर तीन आठवडे उबवणीची अंडी घेऊ नका.

उबवणीची अंडी टोक खाली करून, ओल्या वाळूवर ठेवलेल्या माठात आठवडाभरच साठवा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे करूच नका. उष्णतेनं गर्भ अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो, मग पिल्लं कमी निघतात. दिवाळी ते फेब्रुवारी हा काळ बरा.

लेगहॉर्न कोंबडा घातला तर पहिल्या पिढीत अंडी वाढतात, पण त्या तलंगा बसतीलच याचा भरवसा नाही, आणि दुसऱ्या पिढीत गुण विखुरतात. यंत्र नसेल तर दोन-तीन पक्क्या गावरान खुडूक कोंबड्या पिल्लं काढायला राखून ठेवाच, त्या मोलाच्या आहेत.

तोवर हातातल्या खुडूक कोंबडीचं काय? पहिल्या-दुसऱ्या दिवशीच तिला घरट्यातून काढून जाळीच्या तळाच्या, जमिनीपासून उंच पिंजऱ्यात ठेवा. पोटाखालून हवा खेळली पाहिजे. उजेड, दाणा-पाणी पूर्ण द्या, उपाशी ठेवू नका. तीन-चार दिवसांत तिचा खुडूकपणा मोडतो आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत पुन्हा घालते. आठवडाभर बसू दिली तर वेळ जास्त लागतो. नाकात पीस खुपसणं मात्र बंद करा, त्यात कोंबडीचे हाल होतात आणि पिंजऱ्यानं तेच काम होतं. डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा होतो, तेव्हा घालत्या कोंबड्यांना बल्ब लावून एकूण १४ तास उजेड द्या, आणि शिंपल्याची चुरी वेगळ्या भांड्यात कायम ठेवा.