पॉलिशनंतर गाडीवर उमटलेलं जाळं: दाद मागायची असेल तर आधी पुरावा जपा

प्रश्न: माझी काळ्या रंगाची गाडी पेंट करेक्शन (रंगावरचे ओरखडे घासून काढणं) आणि सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवायचा संरक्षक थर) यांसाठी एका डिटेलिंग स्टुडिओत दिली होती. संध्याकाळी ताब्यात घेतली तेव्हा आरशासारखी चमकत होती. दोन आठवड्यांनी घरी पहिल्यांदा धुतली आणि उन्हात दरवाजांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसले. बॉनेटवर तर लाटांसारखे पट्टे आहेत. स्टुडिओवाले म्हणतात, हे तुमच्या धुण्यामुळे झालं. जॉब कार्डावर ‘रंगाच्या नुकसानीस आम्ही जबाबदार नाही’ असं छापलेलं आहे आणि खाली माझी सही आहे. पैसे पूर्ण ऑनलाइन दिले, बिल मिळालं नाही. आता ते पुन्हा फुकट पॉलिश करून देतो म्हणतात. करून घेऊ का? काम देण्याआधी वर्षभर गाडी रोज कोरड्या फडक्याने पुसली जात होती, हेही सांगतो.

उत्तर: इतक्यात गाडी त्यांच्याकडे पाठवू नका. तुमच्या प्रकरणात नुकसान आणि पुरावा या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी आहेत, रंगावरच्या पारदर्शक क्लिअर कोटमध्ये. ओरखडा ‘काढायचा’ म्हणजे त्याच्या आजूबाजूचा थर ओरखड्याच्या तळापर्यंत घासून खाली आणायचा. हा थर बहुतेक गाड्यांवर 35 ते 50 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो आणि एकदा घासला की परत येत नाही. म्हणजे फुकटच्या पॉलिशने तुमचा पुरावाही जाईल आणि आधीच एकदा घासलेला थर आणखी पातळ होईल.

तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो दरवाजांवरचं जाळं आणि बॉनेटवरचे पट्टे यांतला फरक. हा फरक तुम्ही सहज लिहून गेलात, पण सगळं प्रकरण त्याच्यावर उभं राहील.

जाळं म्हणजे स्वर्ल मार्क. ते गोल दिसतं म्हणून गोल-गोल पुसल्यानेच झालं असं नव्हे. ओरखडे सगळ्या दिशांना असतात, पण प्रकाशाच्या आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कडी तयार झाल्यासारखी वाटतात. तुम्ही जागेवरून हललात की तीही हलतात. ही धूळ आणि कापडाची करणी असते: कोरडं फडकं, मळका स्पंज, आपोआप धुणाऱ्या यंत्राचे ब्रश. बॉनेटवरचे लाटांसारखे पट्टे मात्र होलोग्राम असावेत. रोटरी मशीनला (एकाच जागी गोल फिरणारं पॉलिश यंत्र) लोकरी पॅड किंवा जाड कम्पाउंड (खरखरीत घासणारी पेस्ट) लावून काम केलं आणि त्यानंतरचा बारीक पॉलिशचा टप्पा गाळला, की मशीन जिथून फिरलं तिथे हे पट्टे उमटतात. हाताने गाडी धुऊन असे पट्टे येत नाहीत. ‘तुमच्या धुण्यामुळे झालं’ हा त्यांचा बचाव बॉनेटपुरता तरी टिकणं अवघड आहे.

दरवाजांचं तसं नाही. वर्षभराच्या कोरड्या पुसण्याची गोष्ट तुम्ही मोकळेपणाने सांगितलीत, ती तक्रारीतही सांगा. लपवलेली गोष्ट उलटतपासात बाहेर आली की खऱ्या बाजूवरचाही विश्वास उडतो. तिथे तुमचं म्हणणं ‘ओरखडे यांनी पाडले’ असं नसून ‘ओरखडे काढण्याचे पैसे घेतले आणि काढले नाहीत’ असं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये सेवेतील त्रुटीची व्याख्या कलम 2(11) मध्ये आहे आणि ठरवलेलं काम ठरल्याप्रमाणे न करणं ही त्रुटीच आहे. त्यासाठी जॉब कार्डावर ‘पेंट करेक्शन’ हे शब्द आहेत का, ते आजच पाहा. नुसतं ‘पॉलिश’ लिहिलं असेल तर कामाआधीचे फोन-संदेश आणि त्यांनी दिलेला दराचा कागद शोधा.

गाडी चकचकीत मिळाली आणि एका धुण्यात जाळं उघडं पडलं, यालाही अर्थ आहे. ओरखडे न काढता तेलकट ग्लेझने भरून टाकले की गाडी काही दिवस नवी दिसते. पण कोटिंग चढवण्याआधी अल्कोहोल असलेल्या द्रावणाने पुसून हे तेल पूर्ण काढावं लागतं, नाहीतर कोटिंग रंगाला धरत नाही. तेव्हा पहिल्याच धुण्यात ओरखडे वर आले असतील तर तेल न काढताच कोटिंग लावलं होतं का, की लावलंच नव्हतं, हा प्रश्न विचारता येतो. हे माझं अनुमान आहे. नोटिशीत ते आरोप म्हणून लिहू नका, प्रश्न म्हणून विचारा: कोणतं कोटिंग वापरलं, त्याआधी पृष्ठभाग कशाने पुसला, कोणतं मशीन आणि कोणता पॅड होता? उत्तर काहीही आलं, किंवा आलंच नाही, तरी ते तुमच्या उपयोगाचं आहे.

आता पुरावा कसा जमवायचा ते सांगतो. थेट उन्हात आणि रात्री एकाच टॉर्चच्या प्रकाशात प्रत्येक पॅनेलचे फोटो घ्या. व्हिडिओत प्रकाश हळूहळू सरकवा, म्हणजे जाळं आणि पट्टे यांतला फरक डोळ्यांना दिसेल. एका चौकटीत नंबरप्लेटही येऊ द्या. मूळ फाइल फोनमधून पुसू नका. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. ग्राहक आयोग, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींवर निवाडा देणारं न्यायपीठ, पुराव्याच्या नियमांना काटेकोरपणे बांधलेला नसला तरी ते प्रमाणपत्र जोडलेलं बरं. मग दुसऱ्या जाणकाराकडून लेखी पाहणी अहवाल घ्या आणि शक्यतो दुरुस्तीचं काम त्यालाच देऊ नका, नाहीतर ‘धंद्यासाठी लिहून दिलं’ असा आक्षेप येतो. थर मोजणाऱ्या गेजची नोंद अहवालात असू द्या, पण तिच्यावर फार भिस्त नको. साधं गेज रंगाच्या सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतं, क्लिअर कोटची वेगळी नाही. प्लास्टिकच्या बंपरवर ते चालतही नाही. शिवाय कामाआधीचं माप नसेल तर किती थर गेला हे त्यावरून सिद्ध होत नाही.

जॉब कार्डावरच्या छापील वाक्याला घाबरू नका. कामासाठी गाडी ताब्यात देणं म्हणजे कायद्याच्या भाषेत निक्षेप. भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 151 सांगतं की ताबा घेणाऱ्याने ती वस्तू सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढ्या काळजीने हाताळली पाहिजे. ‘ताज महाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हाच मुद्दा हाताळला. हॉटेलच्या कर्मचाऱ्याकडे पार्किंगसाठी सोपवलेली गाडी चोरीला गेली होती आणि पावतीवर ‘जबाबदारी मालकाची’ असं छापलेलं होतं. स्वतःचा किंवा नोकरांचा निष्काळजीपणा असेल तर अशा वाक्याआड लपता येत नाही, आणि काळजी घेतली होती हे आधी हॉटेलने दाखवायचं, असं न्यायालयाने म्हटलं. ती गोष्ट चोरीची होती, तुमची कारागिरीची आहे. तरीही तत्त्व तुम्हाला उपयोगी पडेल, विशेषतः बॉनेटसाठी. एक सावधगिरी मात्र ठेवा. जॉब कार्डावरचं हे वाक्य ‘अनुचित करार’ म्हणून रद्द करा, अशी मागणी करू नका. तशी तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. तुमचा मुद्दा सेवेतील त्रुटीचाच ठेवा.

बिल लेखी मागा. सेवा देऊन बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 2(47) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल दिलं नाही तरी बँकेची नोंद आणि जॉब कार्ड मिळून तुम्ही ग्राहक आहात हे सिद्ध होतं. मात्र गाडी व्यापारी कामासाठी वापरत असाल तर मला कळवा. तेव्हा ‘ग्राहक’ या व्याख्येत बसता का हे आधी पाहावं लागेल.

मागणी माफक आणि मोजता येईल अशी ठेवा: दिलेले पैसे परत, किंवा दुसरीकडे नीट करेक्शन करून घेण्याचा खर्च (त्यासाठी दोन लेखी अंदाजपत्रकं जोडा), पाहणीचा खर्च, त्रासाबद्दल वाजवी भरपाई आणि तक्रारीचा खर्च. संपूर्ण गाडी नव्याने रंगवून मागू नका. क्लिअर कोट इतका पातळ झाला की त्यावर आता पॉलिश चालणारच नाही, असं जाणकार लिहून देत असेल, तरच त्या पॅनेलपुरता रंगकामाचा खर्च मागा.

स्पीड पोस्टाने 15 दिवसांची नोटीस द्या. दरम्यान राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 या क्रमांकावर, तक्रार नोंदवता येईल. तिथे कधी कधी आयोगाची पायरी चढण्याआधीच तोडगा निघतो. नाही निघाला तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार दाखल करा. त्यासाठी स्टुडिओच्या गावी जावं लागत नाही. दिलेला मोबदला 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकील नेमण्याची सक्तीही नाही. मुदत याच कायद्याच्या कलम 69 प्रमाणे 2 वर्षांची आहे, पण तुम्ही तितकं थांबू नका. प्रत्येक धुण्याबरोबर ‘हे नंतर झालं’ म्हणायला त्यांना नवी जागा मिळते.

त्यांचा फुकट पॉलिशचा प्रस्ताव मी सरसकट नाकारायला सांगणार नाही. चूक सुधारायची संधी दिलीत, हे आयोगापुढे तुमच्या बाजूने बोलतं. पण पुरावा पूर्ण जमल्यावर आणि लेखी अटींवरच गाडी द्या: काम ‘माझे सर्व हक्क राखून’ करून घेत आहे, आधी एका लहान चौकोनावर नमुना, मशीन ड्युअल ॲक्शन (गोल फिरता फिरता डोलणारं, रोटरीपेक्षा सौम्य), आणि कोटिंगआधी द्रावणाने पुसून उन्हात माझ्यासमोर तपासणी. ‘माझी काहीही तक्रार राहिलेली नाही’ अशा कागदावर गाडी पाहण्याआधी सही मागितली, तर गाडी आणि सही दोन्ही घेऊन परत या.

पाहणी होईपर्यंत गाडी धुऊ नका आणि कोरडं फडकं तर अजिबात लावू नका. पक्ष्यांच्या विष्ठेसारखं काही पडलं आणि धुवावंच लागलं, तर आधी फोटो काढा. भरपूर पाण्याने धूळ वाहू द्या, मग एका बादलीत शाम्पू आणि दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी घ्या. मायक्रोफायबरच्या स्वच्छ हातमोज्याने वरून खाली, सरळ रेषेत, दाब न देता धुवा. कोरडं करताना टॉवेल घासू नका, अंथरून नुसता उचला. हे सगळं एका सलग व्हिडिओत टिपून तारखेसह ठेवा.