नव्या संगणकाची पहिली काळजी
अँटिव्हायरस कोणता घ्यावा, असे आपण विचारले आहे. पण त्याआधी फायलींच्या दुसऱ्या प्रतीची सोय करावी, कारण हार्ड डिस्क अनेकदा पूर्वसूचना न देता बंद पडते आणि त्याच डिस्कवर काढून ठेवलेली नक्कल तेव्हा काहीच कामाची ठरत नाही. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर, हा ३-२-१ चा नियम घरगुती वापरालाही पुरतो. संगणकाला बाहेरून जोडायची डिस्क मात्र काम होताच काढून ठेवावी. जोडलेली राहिल्यास रॅन्समवेअर, म्हणजे फायली अडवून खंडणी मागणारे घातक सॉफ्टवेअर, तिच्यावरच्या फायलीही कुलूपबंद करू शकते. विंडोज १० असल्यास तिचे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आहेत, हे ध्यानात घ्यावे.