वाचकांचे प्रश्न : सोन्याच्या लहान खाणीचा हिशेब

प्रश्न : आमचे सराफी दुकान आहे. ओळखीतल्या एकाने घानामधल्या लहान खाणीत भागीदारी सुचवली आहे. त्याने आणलेल्या दगडाचा रिपोर्ट टनाला २२ ग्रॅम आहे. रोज २० टन दगड निघेल, म्हणजे रोज ४४० ग्रॅम सोने, असे तो सांगतो. गारगोटीची शीर (खडकातला सोने असलेला पट्टा) ३० सेंटिमीटर रुंद, ६० मीटर लांब आणि २० मीटर खोल आहे म्हणे. पैसे घालावेत का?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : आधी परवाना पाहा. घानाच्या २००६ च्या खनिज कायद्यानुसार लहान खाणीचा परवाना फक्त तिथल्या नागरिकालाच मिळतो. तुमचे नाव त्यावर येणार नाही. मग भागीदारी नेमकी कशातली, हे तिथल्या वकिलाकडून लेखी घ्या.

आता ते ४४० ग्रॅम. हातात धरून आणलेला दगड नेहमी निवडलेला असतो. शिरेच्या लांबीभर दर दोन मीटरवर आडवी खाच (१० सेंटिमीटर रुंद, ५ खोल) पाडून नमुने घेतले, की खरी सरासरी कळते. एका खाचेतून सुमारे ४ किलो माल निघतो. तो सगळा बारीक फोडून, चौथाई करत (ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोनच ठेवत) कमी करायचा, पिठासारखा दळायचा आणि त्यातले ५० ग्रॅम भट्टीच्या टंचाला (वितळवून सोने मोजण्याच्या चाचणीला) द्यायचे. दर वीस पिशव्यांमागे एक बिनसोन्याच्या दगडाची आणि एक जुन्याच नमुन्याची पिशवी मिसळा, म्हणजे प्रयोगशाळेचीही परीक्षा होते. पिशव्यांना सील तुमच्या माणसाचे हवे, कारण नमुन्यात सोन्याचा कीस टाकणे ही या धंद्यातली जुनी फसवणूक आहे. दुकानातल्या टंच मशीनवर दगड तपासू नका. ते मशीन टक्क्यांत वाचते. टनाला ५ ग्रॅम म्हणजे ०.०००५ टक्के, ते त्याला दिसत नाही. सोने जाड कणांचे असेल तर एकच कण रिपोर्ट फुगवतो. अशा वेळी मोठा नमुना चाळून, चाळणीवरचा आणि खालचा माल वेगळा तपासायला सांगा.

समजा, सरासरी १२ ग्रॅम आली. पण ३० सेंटिमीटरच्या फटीत माणूस उभा राहून काम करू शकत नाही; किमान ९० सेंटिमीटर रुंदी खोदावी लागते. बाजूच्या खडकात सोने नाही, तेव्हा गिरणीत जाणारा दगड टनाला ४ ग्रॅमचाच. उसाला जसा साखरेचा उतारा, तसाच इथेही उतारा असतो. नुसत्या पाण्याच्या पन्हाळीवर बारीक सोने वाहून जाते. उतारा ५० टक्के धरला तर हातात २ ग्रॅम. रोजचे ४४० नव्हे, ४० ग्रॅम.

खर्चात डिझेल, सुरुंग, लाकडी टेके, पंप, मजुरी, पहारा, सरकारी देणी सगळे आले. टनाला १५,००० रुपये आणि सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये, असे नुसत्या हिशेबासाठी धरू. खर्चाला भाव आणि उताऱ्याच्या गुणाकाराने भागा : १५,००० भागिले ५,०००, म्हणजे ३ ग्रॅम. यापेक्षा हलका दगड काढला की तोटा. तुमच्याकडे ४ आहेत. पण मजुरांनी ९० ऐवजी १२० सेंटिमीटर खोदले तर दगड ३ ग्रॅमवर येतो आणि नफा तिथेच संपतो. लहान खाणी बहुधा अशाच बुडतात, म्हणून खोदाईची रुंदी रोज मोजणारा माणूस सर्वांत आधी नेमावा.

शेवटी साठा. ६० × २० × ०.९ मीटर, गारगोटीची घनता २.६५, एकूण सुमारे २,८६० टन. रोज २० टनांनी खाण १४३ दिवसांत रिकामी. खर्च वजा जाता सुमारे १ कोटी ४३ लाख उरतात. गिरणी, पंप, रस्ता यांवर दीड कोटी गेले असतील तर मुद्दलही निघत नाही. सोने विरघळवणाऱ्या सायनाइडने उतारा ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, मात्र सोने आर्सेनिकयुक्त खनिजाच्या किंवा लोहमाक्षिकाच्या (लोह आणि गंधकाचे पिवळे चमकदार खनिज) कणांत अडकले असेल तर सायनाइड तिथवर पोहोचतच नाही. किलोभर दगडाची बाटलीतली सायनाइड चाचणी आधी करून घ्या. ती स्वस्त आहे आणि काही दिवसांत उत्तर देते.

या आकड्यांवर आमचा सल्ला : पैसे घालू नका. खाचांचे नमुने आणि शिरेची खोली दाखवणारी ड्रिलिंगची कागदपत्रे मिळाली, तर पुन्हा हिशेब मांडा.

प्रश्न : सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या नाल्यात पिवळे चमकणारे कण दिसतात. सोने असेल का?
– एक वाचक, यावल

उत्तर : शक्यता फार कमी. आपल्याकडचा बराचसा खडक काळा पाषाण आहे, लाव्ह्याचा. सोन्याच्या शिरा सहसा त्यात नसतात. कणावर सुई दाबा. सोने दबते, लोहमाक्षिक फुटते, अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. चिनी मातीच्या फरशीच्या खरबरीत मागच्या बाजूवर घासल्यास सोन्याची रेघ पिवळी, लोहमाक्षिकाची हिरवट काळी. आणि कण सोन्याचा ठरलाच, तरी शेत तुमचे असूनही १९५७ च्या खनिज कायद्याखाली खाणपट्टा लागतो, विनापरवाना खोदू नका.